बघितलं म्हणजे बघितलंच

"पोरगा मुलाखतीला यायच्या आधीच नापास झाला बघा," ताई भिंतीपलीकडून म्हणाल्या. शुक्रवारची संध्याकाळ होती, म्हणजे आठवड्याच्या बातम्या बाहेर पडायची वेळ.

अबू धाबीच्या खलिफा सिटीत रस्त्याकडच्या भिंती पुरुषभर उंच. कोणाच्या अंगणात काय चाललंय ते बाहेरून कळायची सोय नाही. पण आमच्या कंपाउंडच्या आत दोन परसांमधली भिंत जेमतेम छातीएवढी आहे. कढीपत्ता, डिंकाचे लाडू, उसनी मिक्सरची भांडी आणि बातम्या, सगळं तिच्यावरूनच जातं-येतं. ताई कोल्हापूरच्या. मुसफ्फातल्या एका कंत्राटदाराकडे एचआर सांभाळतात. ऑफिसं आणि दुकानं आतून सजवून देणारी कंपनी. सुतार, सीलिंगवाले, इलेक्ट्रिशियन आणि त्यांच्यावर साइट इंजिनियर. २०२२ च्या जानेवारीपासून सरकारनं शनिवार-रविवार सुट्टी केली आणि शुक्रवार अर्धा ठेवला. ताईंच्या कंपनीनंही तेच धरलं. तेव्हापासून आमच्या गप्पांनाही ऑफिसचं वेळापत्रक लागलंय.

"कोण पोरगा?"

"सांगलीकडचा. सिव्हिल केलेला, पुण्यात दोन साइट्स बघितलेला. चांगला वाटला होता. आमच्या ऑपरेशन्स मॅनेजरनं काय केलं, त्याचं फेसबुक उघडलं. तर कुठल्याशा दौडीत पळतानाचा फोटो, अंगात एपिलेप्सीच्या संस्थेचा टी-शर्ट. झालं! मला लगेच व्हॉट्सअ‍ॅप. याला फिट येतात, परांचीवरून पडला तर जबाबदार कोण, नाव काढा यादीतून."

"आणि तुम्ही काढलंत?"

"काढायच्या आधी फोन केला. टी-शर्टचं नाव घेतलं नाही हं! बायोडेटात छंदाच्या रकान्यात 'धावणे' लिहिलं होतं, तिथून सुरुवात केली. कुठं पळता, कधीपासून पळता. पोरगं आपणहूनच बोललं. धाकट्या भावाला फिट येतात, त्याच्या नावानं दर वर्षी पळतो म्हणाला."

ताई कोल्हापूरच्या म्हणजे कोल्हापूरच्याच. समोरच्याला प्रश्न विचारलाय हे त्यालाही कळू द्यायचं नाही.

"मग मॅनेजरला सांगितलंत की नाही?"

"सांगितलं की. तर म्हणतो कसा, बरं बरं, पण घरात आहे ना, रक्तात असणार. आता बोला! त्यानं एकदा बघितलं म्हणजे बघितलंच. ते काही पुसता येत नाही. आणि खरं सांगू, मला त्या फोटोची भीती वाटली नाही, त्या मेसेजची वाटली. माणसाला का नाकारलं, याचं कारण आता आमच्याच फोनमध्ये लेखी आहे. तारीख-वेळेसकट."

मी आपली एका दवाखान्याचे हिशेब लिहिणारी. कायदा माझा प्रांत नव्हे. पण ताईंच्या शेजाराने तो थोडाफार कानावर पडतो. इथला नवा कामगार कायदा म्हणजे २०२१ चा ३३ क्रमांकाचा संघराज्य हुकूम. तो २ फेब्रुवारी २०२२ ला लागू झाला. त्याचं चौथं कलम ताईंना पाठ आहे. वंश, रंग, लिंग, धर्म, राष्ट्रीय मूळ, सामाजिक मूळ आणि अपंगत्व, यांवरून भेदभाव करायचा नाही. आणि कलम कामावर असलेल्यांपुरतं नाही, नोकरी *मिळण्याची* संधीसुद्धा त्यात धरलेली आहे. ज्या उल्लंघनाला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्याला पाच हजारांपासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड. फिट येणं अपंगत्वात बसतं की नाही यावर वकील भांडतील. ते भांडत बसायची वेळ आपल्या कंपनीवर का आणायची, हा ताईंचा सवाल.

"आणि समजा त्याला स्वतःला येत असत्या फिट," मी म्हटलं, "तर?"

"तर ते डॉक्टरनं सांगायचं. उंचीवर चढायला माणूस लायक आहे का, हे तपासायला डॉक्टर आहे, सेफ्टी ऑफिसर आहे. ते तपासतात आणि मग सांगतात, हा चढेल, हा खालचं काम बघेल. फेसबुक बघून निदान करायला आमचा मॅनेजर काय धन्वंतरी लागून गेलाय?"

आतून खोकल्याचा आवाज आला आणि मागोमाग अण्णा आले. ताईंचे सासरे. कराडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. थंडी संपेपर्यंत मुक्कामाला आहेत. अबू धाबीच्या थंडीलाही कानटोपी घालतात. खुर्ची ओढून बसले.

"पण ताई," मी म्हटलं, "लपवायला उरतंच काय? आपल्या लोकांचे बायोडेटा बघा. जन्मतारीख, धर्म, लग्न झालंय का, मुलं किती, वडिलांचं नाव, पासपोर्टचा नंबर, वर पासपोर्ट साइजचा फोटो. एकानं तर आमच्या दवाखान्यात रक्तगट लिहून पाठवला होता."

"ते त्यानं दिलेलं असतं. मी उकरून काढलेलं नसतं," ताई म्हणाल्या. "तरी मी आता क्लार्कला सांगून ठेवलंय, धर्म आणि फोटो झाकून मगच मॅनेजरकडे कागद पाठवायचा. मॅनेजर म्हणतो, मॅडम, काळी पट्टी ओढलेला बायोडेटा चोराचा वाटतो."

अण्णा हसले. मग म्हणाले, "आगं पण चौकशी तर लागतीयच की. आमच्या वेळी सोयरीक जमवायची झाली, तर कोण ना कोण त्या गावाला जाऊन यायचा. बाजारात बसायचा, न्हाव्याला विचारायचा, शेजाऱ्याला विचारायचा. घरात भांडणं हायत का, पोरगा पितो का, जमिनीवर कर्ज किती."

"आणि ते बरोबर सांगायचे?"

"जपून सांगायचे. कारण त्या शेजाऱ्याला पुढं त्याच गावात राहायचं असायचं. उगाच नाव घेतलं तर दुसऱ्या दिवशी पाराजवळ गाठ पडायची. फेसबुकाला कुठला पार न् कुठलं गाव! तिथं कोण बोलला, कशासाठी बोलला, कायबी कळत न्हाई."

"आणि अण्णा, त्या चौकशीत पहिली गोष्ट कुठली बघायचे?" ताईंनी विचारलं.

अण्णा जरा थांबले. "जात. ते होतंच."

"मग तेच इथं होतंय म्हणते मी."

इथे ताईंचा आवाज खाली आला, आणि खाली आला म्हणजे बातमी मोठी. त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या एका कंपनीत, नाव त्यांनी मलाही सांगितलं नाही, भरती करणारा साहेब आपल्याकडचाच. आडनावावरून अंदाज येत नसला की प्रोफाइल उघडतो. १४ एप्रिलला कोणाचा फोटो लावलाय, १९ फेब्रुवारीला कोणाचा, लग्नाच्या फोटोत काय काय दिसतं. परदेशी माणसाला त्यातलं काहीच कळणार नाही. आपल्याला एका नजरेत कळतं. म्हणूनच भीती मराठी साहेबाची जास्त, हे मला पटलं. चौथ्या कलमात जात हा शब्द नाही. सामाजिक मूळ आहे. जात त्यात मोडते की नाही हे कोर्टानंच सांगावं, पण त्या साहेबाच्या मनात काय मोडतं आणि काय बसतं हे सांगायला कोर्ट लागत नाही. वर तो म्हणे 'कल्चर फिट' बघतो. एवढ्या दूर येऊन, समुद्रातलं पाणी गोडं करून पिऊन, आपण बरोबर आणलं काय, तर आडनावाची चाळणी.

"माणूस तोच कशावरून, हे तरी बघतात का?" मी म्हटलं.

"कुठलं! संतोष पाटील टाकून बघा एकदा. कराडपासून शारजापर्यंत संतोष पाटीलच संतोष पाटील. निम्मे बुलेटवर बसलेले, निम्म्यांनी महाराजांचा फोटो लावलेला. कुणाचं पाप कुणाच्या माथी! एका ठिकाणी असंच झालं. ज्यानं शिवीगाळ केली होती तो वेगळाच, आणि आमचा इलेक्ट्रिशियन बिचारा फेसबुकवर नव्हताच."

आता वाचणाऱ्याला वाटेल, मग बघूच नये ना. नोकरी मागणाऱ्याचं काम बघा, दाखले बघा, मुलाखत घ्या, विषय संपला. मलाही तसंच वाटायचं. पण या देशात मालकाच्या डोक्यावर दुसऱ्या बाजूनंही टांगती तलवार आहे, आणि ती आपल्याच लोकांनी २०२० मध्ये दाखवून दिली.

करोनाचा एप्रिल होता. दिल्लीतल्या तबलिगी मरकजवरून भारतात जे सुरू झालं, त्याचे पडसाद इथल्या भारतीयांच्या भिंतींवर उमटले. या म्हणजे फेसबुकच्या भिंती. मुसलमानांविषयी वाटेल ते लिहिलं गेलं, तेही मुसलमान देशात, मुसलमान मालकाच्या पगारावर राहून. स्क्रीनशॉट फिरले, कंपन्यांना टॅग केलं गेलं, आणि पटापट नोकऱ्या गेल्या. वर्तमानपत्रात आलेल्यांत एक हॉटेलातला आचारी होता, एक स्टोअरकीपर, एक रोकड सांभाळणारा. २० एप्रिलला आपले तेव्हाचे राजदूत पवन कपूर यांना ट्विटरवर लिहावं लागलं, की भेदभाव आपल्या संस्कारातही बसत नाही आणि कायद्यातही, आणि इथल्या भारतीयांनी हे कायम ध्यानात ठेवावं. त्या वेळी २०१५ चा द्वेषविरोधी कायदा लागू होता. त्याच्या जागी २०२३ मध्ये नवा, आणखी कडक आला.

"त्या महिन्यात आमच्या मालकानं मला बोलावून घेतलं," ताई म्हणाल्या. "म्हणाले, आपल्याकडे साडेतीनशे माणसं. यातल्या कोणी काय लिहून ठेवलंय, सगळं बघून काढ. मी म्हटलं, साहेब, साडेतीनशे माणसांची मनं वाचायला मी बसले तर पगारपत्रक कोण करणार? पण त्यांचंही चूक नव्हतं. उद्या एखाद्यानं घाण लिहिली आणि खाली आमच्या कंपनीचं नाव, तर कंत्राट हातचं जाणार."

"मग काय केलंत?"

"माणसं नाही तपासली. नियम लिहिला. हिंदी, उर्दू, मल्याळम, बंगालीत करून घेतला, कामगारांच्या कॅम्पात वाचून दाखवला. असलं लिहाल तर नोकरी जाईल आणि पुढचं पोलिस बघतील. सगळ्यांना एकच नियम."

नव्या माणसाला घेताना मात्र त्या बघतात. पण कसं बघतात त्याला महत्त्व आहे, ते पुढे येईलच.

तेवढ्यात मागच्या दारातून आमचे हे आले, हातात चहा. हे अल मारिया बेटावरच्या वित्तीय केंद्रात, एका बँकेच्या कंप्लायन्स विभागात. तिथलं सगळंच वेगळं. बेट अबू धाबीतच, पण दिवाणी आणि व्यापारी कायदा तिथला स्वतःचा, इंग्रजी पद्धतीचा. माहिती-संरक्षणाचे नियम २०२१ चे, आणि दंडाची कमाल मर्यादा दोन कोटी ऐंशी लाख डॉलर. हा आकडा आमचे हे दर वेळी थोडा अभिमानानं सांगतात, जणू काही तो त्यांच्याच खिशात जाणार आहे.

"आमच्याकडे उमेदवाराला आधी सांगावं लागतं," हे म्हणाले. "तुझी काय माहिती गोळा करणार, कुठून, कशासाठी, किती दिवस ठेवणार. गुपचूप फेसबुक बघून पोटात ठेवलं, असं चालत नाही."

"आमच्या बाजूला पण आलाय की कायदा," ताई म्हणाल्या. "२०२१ चाच. पंचेचाळीस नंबर."

माहिती-संरक्षणाचा तोही कायदा आहे. त्यात एक मेख आहे. माणसानं आपणहून जगजाहीर केलेली माहिती असेल, तर ती वापरायला त्याची वेगळी संमती लागत नाही. मॅनेजर लोक एवढीच ओळ वाचतात आणि खूश होतात. उघड्यावर होतं, बघितलं! भारतातल्या २०२३ च्या डिजिटल माहिती-संरक्षण कायद्यातही असंच आहे, माणसानं स्वतः जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही. पण बघायची मुभा एका कायद्यानं दिली, म्हणून बघून जे कराल त्याला दुसरा कायदा माफ करत नाही. दौडीतला फोटो उघडाच होता. तो बघणं गुन्हा नव्हता. त्यावरून नाव काढणं ही भानगड होती. आणि मित्रयादीपुरतं ठेवलेलं एखाद्या ओळखीच्याच्या फोनमधून बघायचं, खोट्या नावानं फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायची, हे तर उघड्यावरचं नव्हेच.

"पासवर्ड मागणारे पण आहेत म्हणे," मी म्हटलं.

"होते. अमेरिकेत," हे म्हणाले. "मेरीलँड राज्यात तुरुंगखात्यानं एका कर्मचाऱ्याकडे फेसबुकचा पासवर्ड मागितला, केवढा गहजब झाला, आणि २०१२ मध्ये त्या राज्यानं असं मागायलाच बंदी घातली. पहिलं राज्य तेच."

"इथं कोणी मागितला तर संमतीनं दिला म्हणायची पण सोय नाही," ताई म्हणाल्या. "नोकरीसाठी दारात उभा राहिलेल्या माणसाची कसली आलीय संमती? पासपोर्ट ताब्यात ठेवायचा नाही हे इथल्या मालकांच्या डोक्यात शिरायला किती वर्षं गेली! आता पासवर्डाची सुरुवात नको."

अण्णांना अमेरिकेत रस नव्हता, पण ह्यांची एकदा सुरुवात झाली की थांबवणं कठीण. केंटकी विद्यापीठाची गोष्ट निघालीच. २००७ मध्ये तिथे वेधशाळेसाठी संचालक हवा होता. मार्टिन गॅस्केल नावाचे खगोलशास्त्रज्ञ यादीत सगळ्यांत वर होते. निवड समितीतल्या कुणीतरी इंटरनेटवर शोधलं, त्यांचं बायबल आणि खगोलशास्त्रावरचं लिखाण सापडलं, आणि समितीच्या आपापसातल्या ईमेलमध्ये त्यांच्या धार्मिकपणाची चर्चा रंगली. नेमणूक दुसऱ्याची झाली. गॅस्केल कोर्टात गेले, ईमेल बाहेर आल्या, आणि २०११ च्या जानेवारीत विद्यापीठानं चूक कबूल न करता सव्वा लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

"म्हणजे बघितल्यानं नाही, लिहिल्यानं अडकले," ताई म्हणाल्या. "माझ्या मॅनेजरला ही गोष्ट सांगते."

"तो म्हणेल, बरं झालं सांगितलंत, यापुढं फोनवर बोलत जाईन," मी म्हटलं. त्यावर ताईंनी फक्त माझ्याकडे बघितलं. असा मॅनेजर सुधारत नाही, हुशार होतो.

मग विषय निघाला एका ग्रुपचा. खरी गंमत, म्हणजे खरी भानगड, तिथे आहे. मुसफ्फा आणि आसपासच्या कंपन्यांतल्या एचआरवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. सुरुवातीला उपयोगाचा. कोणाकडे जास्तीचे वेल्डर आहेत, कोणाला फोरमन हवाय. हळूहळू त्यात फोटो येऊ लागले. या माणसाला घेऊ नका, पळून गेला. ही मुलगी आमच्याकडून तीन महिन्यांत गेली, तिचं इन्स्टाग्राम बघा म्हणजे कळेल. खाली हसणारे चेहरे. एकानं तर कोणाची तरी बीचवरची छायाचित्रं टाकली आणि लिहिलं, रिसेप्शनला ठेवायची का ठरवा.

"मी त्याच दिवशी बाहेर पडले," ताई म्हणाल्या. "नुसती बाहेर नाही पडले, ग्रुपवाल्याला फोन करून सांगितलं, बंद कर हे."

बरोबरच केलं. सायबर गुन्ह्यांचा २०२१ चा ३४ क्रमांकाचा कायदा या बाबतीत दयामाया ठेवत नाही. इंटरनेटवरून कोणाची नालस्ती केली तर कैद आणि अडीच ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्हींपैकी एक. खासगी आयुष्यात घुसून फोटो वा माहिती पसरवली तर किमान सहा महिने कैद, आणि दीड ते पाच लाख दंड, किंवा दोन्हींपैकी एक. पसरवलेली गोष्ट खरी असली तरी सुटका नाही, हे आपल्या लोकांना पटतच नाही. "खरं तेच लिहिलं ना!" असं म्हणतात. आणि व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे घरातलं बोलणं असा आपला समज. दोनशे माणसांच्या ग्रुपात कसलं घरातलं!

"पण खरंच पळून गेलेला असेल तर सांगायचं कसं दुसऱ्याला?" अण्णांनी रास्त विचारलं.

"सांगायचंच नाही. त्यासाठी इथलं मनुष्यबळ मंत्रालय आहे. कामावरून गायब झाला तर तिथं रीतसर तक्रार करायची, पुढचं त्यांच्या यंत्रणेत दिसतं. दुसऱ्या कंपनीनं संदर्भ मागितला तर ईमेलवर उत्तर. कधी लागला, कधी गेला, कुठल्या पदावर होता. एवढंच. माणूस चांगला होता, वाईट होता, मला माहीत नाही."

"आपल्याकडं बरंय मग," अण्णा म्हणाले. मग त्यांनाच पटलं नसावं. "बरं तरी कसलं! पालघरच्या त्या दोन पोरी आठवतात का? बाळासाहेब गेले तेव्हा."

आठवतात. २०१२ चा नोव्हेंबर. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्याला लाइक केलं, दोघींना अटक. नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा तेव्हा आधार घेतला, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवून काढूनच टाकलं. पण हे संरक्षण सरकारविरुद्ध. मालकाविरुद्ध तेवढं छत्र नाही. पुण्याकडच्या एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू असताना एका कामगारानं फेसबुकवर व्यवस्थापनाविरुद्ध भडकाऊ लिहिलं, कंपनीनं काढलं. कामगार न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि २०२३ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी तो फिरवला. बोलायचं स्वातंत्र्य आहे, पण वाजवी मर्यादा ओलांडून नाही, असा त्यांचा सूर. कामावर असलेल्याची ही गत. मग अजून कामावर न घेतलेल्या माणसाला नाकारलं, तर तो बिचारा कुठे दाद मागणार? त्याला कळतच नाही. सांगलीच्या पोराला टी-शर्टची गोष्ट आजही ठाऊक नाही.

"त्याचं पुढं काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"सोमवारी व्हिडिओवर मुलाखत आहे. मॅनेजर नाही, दुसरे दोन इंजिनियर घेणार. मी मालकांना मेसेज दाखवला. त्यांना बरोबर कळलं. पैशाची भाषा सगळ्यांना कळते." ताईंनी कानातलं सारखं केलं. "आणि आता पद्धत ठरवली. मुलाखतीच्या आधी कोणी कोणाचं काही उघडायचं नाही. माणूस पसंत पडला, ऑफर द्यायची ठरली, की मग बघायचं. तेही त्याला तसं लेखी कळवून. आणि बघणारी मी नाही, मॅनेजर नाही. अकाउंट्समधली एक मुलगी बघणार, जिला भरतीशी देणंघेणं नाही. ती फक्त दोन गोष्टी सांगणार. द्वेषाचं, धमकीचं काही लिहिलंय का, आणि लिंक्डइनवरची नोकरी बायोडेटातल्या नोकरीशी जुळते का. बाकी तिनं काय बघितलं ते तिच्यापाशी."

"आणि नावसाधर्म्य?"

"काही सापडलं तर आधी त्याला विचारायचं, हे तुझंच का. संतोष पाटलांची कृपा!"

मला ही पद्धत आवडली, पण एक गोष्ट खटकली आणि मी ती बोलून दाखवली. अकाउंट्समधली मुलगीही माणूसच. चहाच्या वेळी तोंडातून जाईलच. ताई म्हणाल्या, जाईल, पण तेव्हा निवड झालेली असेल. उत्तर पूर्ण नव्हतं. यापेक्षा पूर्ण उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

"बघणं सोडा, नुसती जाहिरात टाकतानासुद्धा जपावं लागतं," हे म्हणाले. ती २०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. इथल्या नागरिकांना खासगी कंपन्यांत घ्यायची सक्ती वाढली होती. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या कंपन्यांनी कुशल कामांत दर वर्षी दोन टक्के अमिराती वाढवायचे. एका कंपनीनं समाजमाध्यमावर जाहिरात टाकली, सँडविच बनवायला अमिराती नागरिक पाहिजेत. लोक खवळले, टिंगल करता का म्हणून. मंत्रालयानं चौकशी लावली, सरकारी वकिलांनी कंपनीच्या जबाबदार माणसाला बोलावून घेतलं. जागा भरायचा नियम पाळायला गेले आणि जाहिरातीनं अडकले. मला वाटतं सँडविच बनवण्यात कमीपणा काही नाही, पण ज्यानं ती जाहिरात लिहिली त्याला ती कुठे वाचली जाणार आहे याचा पत्ताच नव्हता.

मगरिबची बांग झाली तसा अण्णांनी विषय बदलला. "तुझा भाचा येणार होता न्हवं इकडं? पुण्याचा?"

"येतोय की. तेच विचारायचं होतं ताई तुम्हाला. त्यानं फेसबुकचं जुनं सगळं पुसून टाकलं, लिंक्डइनवर नोकरी शोधतोय म्हणणारी हिरवी पट्टी लावली, आणि चार दिवसांत ऑफर लेटर हातात. दुबईची कंपनी. व्हॉट्सअ‍ॅपवरच मुलाखत, व्हॉट्सअ‍ॅपवरच लेटर. फक्त व्हिसाचे आणि मेडिकलचे म्हणून आधी थोडे पैसे भरायला सांगतायत."

ताईंचा चेहरा बदलला. "एक रुपया भरू नको म्हणावं. भरतीचा खर्च मालकाचा, कामगाराकडून घ्यायचाच नाही असा कायदा आहे इथं. खऱ्या कंपनीची ऑफर मंत्रालयाच्या नमुन्यात येते, नंबर असतो, तपासता येते. लेटर आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना. थांबा, पाठवते." मी फोन काढला.

"अहो पाठवू नका! त्याचा पासपोर्ट नंबर असणार त्यावर, जन्मतारीख असणार. आत्ता एवढा वेळ काय बोलतोय आपण? छापून आणा."